अंगठ्याचा घसारा

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाची नातेवाइकांना दोनच वेळा आठवण होते. एक, फाटकी नोट बदलून हवी असते तेव्हा. आणि दुसरी, 'हे परवडेल का हो?' असं विचारायचं असतं तेव्हा. त्यातून मी बी. कॉम. त्यामुळे गेल्या वीस वर्षांत आमच्या घराण्यात मिक्सरपासून मंगल कार्यालयापर्यंत जे जे घेतलं गेलं, त्यावर माझं मत मागवण्यात आलेलं आहे. मत मागवलं म्हणजे मानलं असं मात्र कोणी समजू नये.

यंदा माझ्याकडे आलं ते गोधड्या शिवायच्या मशीनचं कोटेशन. कराडच्या माझ्या थोरल्या वहिनी गोधड्या शिवून देतात. साड्या गिऱ्हाइकाच्या, सुई-दोरा आणि हात वहिनींचे. कोटेशन चांगलं चार पानी, रंगीत.

कोटेशन हा आपल्याकडचा एक उपेक्षित वाङ्मयप्रकार आहे. कविता-कादंबरीवर लिहून समीक्षक थकले, पण कोटेशनकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. वास्तविक त्यात काय नाही? नायक असतो, म्हणजे मशीन. पहिल्या तीन पानांवर त्याच्या गुणांचं वर्णन असतं. दुर्गुण एकही नसतो, त्यामुळे व्यक्तिरेखा जरा एकसुरी होते. रहस्य शेवटच्या पानापर्यंत राखलेलं असतं: साडेचार लाख! आणि ते उलगडलं असं वाटतं न वाटतं, तोच खाली बारीक टायपात शोकांतिका सुरू होते: 'जीएसटी, वाहतूक व जोडणी वेगळी.'

घरात उषाचं शिलाई मशीन असताना हे कशाला, हा दादांचा पहिला प्रश्न. उत्तर मशीनच्या घशात आहे. सुई आणि मशीनचा उभा खांब यांच्यामधली मोकळी जागा, तिला मी घसा म्हणतो. घरगुती मशीनला ती असते वीतभर. चार साड्यांच्या थरांची गुंडाळी त्यातून सरकवायची म्हणजे लग्नातल्या पाहुण्यांना एकाच रिक्षात बसवण्यासारखं आहे. बसतात, पण कुणीतरी चुरगळतंच. शिवाय थर एकमेकांवरून घसरतात ते निराळंच. कोटेशनमधल्या मशीनची तऱ्हा उलटी. कापड बारा फुटी चौकटीवर ताणून स्वस्थ बसतं आणि मशीनचं डोकंच त्याच्यावरून फिरतं. हातानं दहा-बारा दिवस घेणारी गोधडी अर्ध्या दिवसात उरकते. फक्त ही चौकट माजघरात मांडली तर दादांनी झोपायचं कुठं, हा मुद्दा कोटेशनमध्ये आलेला नाही.

मी आकडे मांडले. साडेचार लाखांचं मुद्रा कर्ज 'किशोर' गटात बसतं. अकरा टक्के व्याज, पाच वर्षं मुदत. हप्ता महिना सुमारे पावणेदहा हजार. मशीनवरच्या गोधडीला कराडात मजुरी मिळेल सहाशे. दोरा आणि वीज साठ रुपये धरले, तर राहिले पाचशेचाळीस. पावणेदहा हजार भागिले पाचशेचाळीस म्हणजे अठरा. महिन्याला अठरा गोधड्या बँकेच्या. वहिनींची पहिली गोधडी ती एकोणिसावी. आणि गिऱ्हाईक येतं थंडीच्या तोंडावर. हप्ता येतो बारा महिने.

हप्त्याचं आणि शिलाई मशीनचं नातं जुनं आहे. अमेरिकेत आयझॅक सिंगरनं 1851 साली मशीनचं पेटंट घेतलं आणि 1856 मध्ये त्याच्या कंपनीनं ते हप्त्यानं विकायला काढलं. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924 साली शिलाई मशीनला सवलत दिली होती. सिंगरनं बायकोचे कष्ट पाहून, तिच्यावरच्या प्रेमापोटी ते केलं, असं त्यांचं म्हणणं. सिंगरचं चरित्र पाहिलं तर त्याचं प्रेम एका बायकोवर थांबणारं नव्हतं. मुलंच वीसहून जास्त होती. पण गांधीजींचा मूळ मुद्दा खोटा ठरत नाही. यंत्र कुणाचे कष्ट वाचवतं, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारायचा असतो.

आमच्या घरात तो विचारला गेला नाही. माझे आकडे ऐकून दादा खूष झाले. म्हणाले, "बघ, मी म्हणतच होतो. मशीनला साडेचार लाख. हाताला काय खर्च?"

वहिनी दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यात मशीन झिजलं तर काय करतात हो?"

"घसारा काढतात."

"किती?"

"आयकरात दरसाल पंधरा टक्के. साडेचार लाखांवर पहिल्या वर्षी साडेसदुसष्ट हजार."

"आणि हा?" असं म्हणून त्यांनी उजव्या हाताचा अंगठा वर केला. तो पेरापाशी सुजलेला होता. अंगुस्तान बोटात असतं, अंगठ्यात नसतं. चार थरांतून सुई ओढायचं काम त्याचं.

बँकेला अंगठा माहीत आहे तो सहीच्या जागी. गंमत अशी, की वहिनी पैसे काढायला गेल्या की बोट टेकवायच्या यंत्रावर तो अंगठा दोन-तीनदा टेकवावा लागतो. रेषा झिजल्यात. म्हणजे घसारा झालेला आहे, तो यंत्रालाही कळलेला आहे, फक्त आपल्या खतावणीत त्याला रकाना नाही.

मग मी दादांच्याच वाक्याचा हिशेब केला. दाट टाक्यांची एक गोधडी म्हणजे चाळीस तास. मजुरी बाराशे, दोऱ्याचे शंभर वजा जाता अकराशे. तासाला साडेसत्तावीस रुपये. याच अंगठ्याच्या शेजारी साडेचार लाखांचं मशीन ठेवलं की ते महाग दिसणारच. फुकटाच्या शेजारी ठेवल्यावर जगातली कुठली वस्तू स्वस्त दिसेल?

आता कलेच्या बाजूनं बोलायचं, तर मशीनच्या टाक्यात खालून एक आणि वरून एक असे दोन दोरे एकमेकांना आवळून धरतात. शिवण पक्की होते, पण ताठ. हाताचा धावदोरा एकटाच वरखाली जातो, कापडाला बारीक चुण्या पडतात आणि त्या चुण्यांतच गोधडीची ऊब असते. मशीनची गोधडी पांघरूण होते. हाताची गोधडी कुशीत घेते. हे मला पटतं. पण हे कौतुक करणारे आपण सगळे गोधडीच्या आत असतो. शिवणारी बाहेर असते.

तेव्हा माझं मत मी लेखी दिलं. बारा फुटी मशीन नको. अठरा गोधड्यांची खात्री असलेलं गाव आधी शोधावं लागेल. त्याऐवजी जाड कापड शिवायचं एकसुई मशीन घ्यावं. टेबल-मोटरसकट अठ्ठावीस हजारांत येतं, मुद्राच्या पन्नास हजारांपर्यंतच्या 'शिशु' गटात बसतं. काठ, तुकडेजोड आणि बाळांची दुपटी त्यावर. हाताची गोधडी वर्षाला मोजक्याच, आणि मजुरी बाराशेची चोवीसशे. जादा बाराशे हा अंगठ्याचा घसारा समजावा.

"गिऱ्हाईक पळेल," दादा म्हणाले.

"पळू दे की," वहिनी म्हणाल्या, "तेवढाच अंगठ्याला आराम."

दादा थोडा वेळ गप्प बसले. मग जरा चाचरत म्हणाले, "पण माझी गोधडी विरत आलीय. तिचं काय?"

वहिनींनी दोरा दातानं तोडला. म्हणाल्या, "तेवीसशे. घरच्या माणसांना शंभर रुपये सूट."