रद्दीतलं युद्ध

१९८० च्या सुमारास वाल्टर केम्पोव्स्की या जर्मन कादंबरीकारानं वर्तमानपत्रात जाहिराती द्यायला सुरुवात केली. जुन्या रोजनिशा, पत्रं, आठवणींच्या वह्या, फोटो, घरात जे काही पडून असेल ते पाठवा, असा मजकूर असे. लेखकानं जाहिरात करावी ती सहसा स्वतःच्या पुस्तकाची. हा मात्र लोकांच्या माळ्यावरचे कागद मागत होता, आणि लोकांनीही गठ्ठेच्या गठ्ठे पाठवले. ब्रेमेनच्या पूर्वेला नार्टुम नावाच्या खेड्यात त्याचं घर होतं. ते हजारो अनोळखी आयुष्यांच्या कागदपत्रांनी आणि सुमारे ३ लाख फोटोंनी भरून गेलं. आज हा सगळा साठा बर्लिनच्या कला अकादमीकडे आहे.

हे वेड त्याला कुठून लागलं, याच्या दोन हकिगती त्यानं स्वतः सांगितल्या आहेत. रोस्टोकच्या या तरुणाला १९४८ मध्ये सोव्हिएत लष्करी अधिकाऱ्यांनी हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं आणि २५ वर्षांची शिक्षा दिली. आठ वर्षं तो बाउट्झेनच्या तुरुंगात होता. एकदा हिवाळ्यात आवारातून जाताना त्याला विचित्र गुणगुण ऐकू आली. पहारेकऱ्यानं सांगितलं, कोठड्यांमधले तुझे सोबती एकमेकांना गोष्टी सांगताहेत. सुटका झाल्यावर ग्योटिंगनमध्ये शिकत असताना त्याला रस्त्यावर कागदांचा ढीग दिसला. रशियात मारल्या गेलेल्या एका सैनिकाची पत्रं आणि फोटो होते ते, आणि येणारेजाणारे त्यावर पाय देऊन चालले होते. युद्धाचं सामान्यांकडचं साहित्य जर्मनीत जवळपास सगळं याच दोन ठिकाणांहून आलेलं आहे: बंद खोलीतल्या कुजबुजीतून आणि रद्दीतून.

१९९३ ते २००५ या काळात आलेला त्याचा दहा खंडांचा 'एकोलोट' हा या परंपरेचा सर्वांत मोठा डोंगर आहे. नाव समुद्राची खोली आवाजानं मोजणाऱ्या यंत्राचं. पहिले चार खंड फक्त १९४३ च्या जानेवारी-फेब्रुवारीचे, म्हणजे स्टालिनग्राडमधल्या जर्मन पाडावाचे. पुढचे चार १९४५ च्या हिवाळ्याचे, पूर्वेकडून निर्वासितांचे लोंढे निघाले त्या दिवसांचे. मग १९४१ च्या रशियावरील स्वारीचा एक, आणि शेवटचा १९४५ च्या एप्रिल-मे महिन्यांतल्या मोजक्या दिवसांचा. रचना अगदी साधी: तारीख, आणि तिच्याखाली त्या दिवशी ज्यानं जे लिहिलं ते. सेनापती, शाळकरी मुलगी, खंदकातला शिपाई, परदेशात पळालेला लेखक, स्वयंपाकघरात बटाट्यांचा हिशेब मांडणारी गृहिणी, सगळे एका रांगेत. पहिल्या खंडांत दिवसाचा शेवट आउशविट्झच्या कोरड्या नोंदींनी होतो. कोणती गाडी आली, त्यातले किती जण कामाला ठेवले, किती थेट गॅसकोठडीत पाठवले. केम्पोव्स्की स्वतः एक वाक्यही बोलत नाही.

गुन्हेगार आणि बळी असे शेजारी बसवले, तर सगळ्यांचंच दुःख सारखं ठरत नाही का, असा आक्षेप या पद्धतीवर घेतला गेला. तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. पण 'एकोलोट' शंभर-दोनशे पानं सलग वाचलं की उलटाच अनुभव येतो. एकटं पत्र वाचताना आपण लिहिणाऱ्याच्या बाजूचे होतो. शेजारचं पत्र ती बाजू सोडायला लावतं. वाढदिवसाला केक जमला म्हणून हरखलेल्या बाईच्या चार ओळींनंतर आउशविट्झची नोंद येते, तेव्हा त्या बाईवर कुणी आरोप केलेला नसतो, पण ती निरागसही राहत नाही. निवड हेच इथं भाष्य आहे. माझ्या मते सामान्यांच्या आठवणींचं जर्मन साहित्य जिथं मोठं झालं, तिथं ते या शेजारामुळे झालं. सहानुभूती तर कुणालाही दाखवता येते.

ड्रेस्डेनचंच पाहा. १३ आणि १४ फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावात तिथं २५ हजारांपर्यंत माणसं मेली, असा इतिहासकारांच्या समितीचा निष्कर्ष आहे. पण व्हिक्टर क्लेम्पेरर या ज्यू प्राध्यापकाच्या रोजनिशीत तो दिवस वेगळा सुरू होतो. शहरात उरलेल्या थोड्या ज्यूंना रवानगीचे हुकूम पोचवण्याचं काम त्या दिवशी त्याच्याकडे होतं. रात्री शहर जळालं, त्याच्या कोटावरचा पिवळा तारा बायकोनं कापून काढला आणि दोघं निर्वासितांच्या गर्दीत मिसळून वाचली. याच रोजनिशीची पानं एका डॉक्टर मैत्रिणीनं वर्षानुवर्षं लपवून ठेवली होती. ती छापून आली १९९५ मध्ये. ज्या आगीत हजारो घरं संपली तिनंच या घराला जीवदान दिलं, हे वाचल्यावर ड्रेस्डेनची कोणतीही एकसुरी शोककथा पुरी पडत नाही.

युद्ध संपल्याबरोबर लिहिणारे नव्हते असं नाही. वोल्फगांग बोर्शर्टचं परतलेल्या सैनिकाचं नाटक १९४७ मध्ये रंगभूमीवर आलं ते त्याच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी. हाइनरिश ब्योलनं ढिगाऱ्यांतलं कोलोन लिहिलं. मात्र १९५० च्या आसपास लिहिलेली त्याची एक कादंबरी प्रकाशकाला वाचकांच्या पचनी पडणार नाही असं वाटल्यानं पडून राहिली आणि १९९२ मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, छापली गेली. हान्स एरिश नोस्साकनं १९४३ च्या उन्हाळ्यात हॅम्बुर्ग जळताना शहराबाहेरून पाहिलं आणि काही महिन्यांतच त्यावर लिहिलं. गेर्ट लेडिगच्या १९५६ च्या कादंबरीत एका हवाई हल्ल्याची ६९ मिनिटं आहेत, आणि ती वाचून कुणालाच बरं वाटत नाही. टीकाकारांनी ती झिडकारली, लेडिग विसरला गेला. डब्ल्यू. जी. झेबाल्डनं १९९७ मध्ये झुरिकच्या व्याख्यानांत जर्मन लेखकांवर आरोप केला, की शहरं जळाली आणि तुम्ही गप्प बसलात. त्यानंतर लेडिगचं पुस्तक पुन्हा निघालं, पण तोवर, १९९९ मध्येच, तो वारला होता. फोल्कर हागे या समीक्षकानं झेबाल्डला दिलेलं उत्तर मला अधिक पटतं: लिहिलं गेलं होतं, ते वाचायची तयारी नव्हती.

झेबाल्डला ज्याच्याबद्दल आदर होता त्या अलेक्झांडर क्लूगेकडे थोडं थांबायला हवं. ८ एप्रिल १९४५ रोजी हाल्बरश्टाट या त्याच्या गावावर बॉम्ब पडले तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. त्यावरचं लेखन त्यानं १९७७ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि ते आठवण म्हणून नाही. त्यात नकाशे आहेत, फोटो आहेत, वैमानिकांच्या मुलाखतींसारखा मजकूर आहे, आणि यातलं काय खरं, काय रचलेलं ते कळू द्यायची त्याला घाई नाही. सुरुवातीलाच गावातल्या चित्रपटगृहाची व्यवस्थापिका भेटते. सकाळच्या खेळात छत कोसळलं आहे, आणि ही बाई फावडं घेऊन दोनच्या खेळाआधी ढिगारा उपसायला निघते. हसावं की काय करावं कळत नाही. संकटातल्या माणसाचं डोकं असंच चालतं, सवयीच्या वेळापत्रकानुसार, हे क्लूगेइतकं कमी शब्दांत कुणी दाखवलेलं नाही.

खरं आणि रचलेलं यांचा झगडा दुसऱ्या एका पुस्तकात जास्त बोचरा झाला. १९४५ च्या एप्रिल ते जूनमधली, बर्लिनमधल्या एका निनावी स्त्रीची रोजनिशी. सोव्हिएत सैनिकांकडून झालेले बलात्कार, पोटासाठी केलेल्या तडजोडी, सगळं ती थंड, तिरकस विनोदी सुरात सांगते. १९५९ मध्ये जर्मन आवृत्ती निघाली तेव्हा स्वागत इतकं वाईट झालं की लेखिकेनं हयातीत पुन्हा छापू दिली नाही. २००३ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर, ती आली आणि धडाधड खपली. मग ही कितपत अस्सल, असा वाद उठला आणि निर्वाळा द्यायला प्रकाशकानं बोलावलं ते केम्पोव्स्कीलाच. त्यानं ती खरी ठरवली. नंतरच्या संशोधनात मूळ वह्यांवर छापण्यापूर्वी बरंच काम झाल्याचं दिसलं. मला त्यात धक्कादायक काही वाटत नाही. लिहिता हात असलेल्या बाईनं स्वतःच्या नोंदी पुन्हा लिहिल्या. फक्त पुस्तकाच्या वेष्टनावर तसं सांगायला हवं होतं.

२००३ मध्येच उवे टिमचं थोरल्या भावावरचं छोटं पुस्तक आलं. या सगळ्या कपाटातून एकच पुस्तक उचलायचं झालं, तर मी ते उचलीन. टिम १९४० चा. भाऊ सोळा वर्षांनी मोठा, स्वखुशीनं वाफन-एसएसमध्ये गेलेला, १९४३ मध्ये युक्रेनमध्ये दोन्ही पाय गमावून मेलेला. घरी आली ती त्याची पत्रं आणि एक त्रोटक रोजनिशी. आईवडील आणि बहीण गेल्याशिवाय टिमला त्यावर लिहिता आलं नाही. रोजनिशीत एका रशियन सैनिकाला दुरून टिपण्याची नोंद शिकारीच्या मजेनं केलेली आहे. रस्ते बांधायला रशियन घरांतल्या शेगड्या मोडून नेल्याचंही त्यानं सहज लिहून ठेवलं आहे. हिवाळ्यात त्या घरांतल्या लोकांचं काय झालं असेल हा विचार त्याला शिवत नाही. आणि हाच मुलगा हॅम्बुर्गवरच्या बॉम्बफेकीची बातमी कळल्यावर घरी लिहितो की हे युद्ध नव्हे, बायकामुलांचा खून आहे. टिम हे कागद एकमेकांजवळ ठेवतो. भावाला माफही करत नाही, त्याच्यावर खटलाही चालवत नाही. त्या घराचं जेवणाचं टेबल मात्र तो पुरतं उघडं करतो: लढाई कुठं चुकली याची वडिलांची चर्चा, मुलगा गेल्याचं दुःख, आणि इतरांच्या मुलांबद्दलचं मौन.

हे सगळ्यांना जमत नाही. २००२ मध्ये ग्युंटर ग्रासनं 'विल्हेल्म गुस्टलोफ' या बुडालेल्या निर्वासित जहाजावर कादंबरी लिहिली, योर्ग फ्रीडरिशनं जळत्या शहरांचा प्रक्षोभक इतिहास लिहिला, आणि मग जर्मनांच्या स्वतःच्या दुःखाला बाजारात मोठी मागणी आली. आजोबांची ट्रंक, आजीचं सुटलेलं गाव आणि वारसा शोधणारी नात अशा कौटुंबिक कादंबऱ्यांची रांग लागली. त्यातल्या बऱ्याच मला हवाबंद वाटतात. त्याच वर्षी हाराल्ड वेल्त्सर आणि त्याच्या दोन सहकारी संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. घराघरांत तीन पिढ्यांना एकच गोष्ट सांगायला लावली, तर नातवंडांपर्यंत येताना आजोबा हळूहळू भले होत जातात, कधी कधी ज्यूंना मदत करणारेसुद्धा होतात, असं त्यात दिसलं. म्हणजे साहित्याला नुसती आठवण जपून चालत नाही. घरात ती प्रेमापोटी धुऊन निघते, तिथं डाग परत दाखवावे लागतात. पूर्व जर्मनीत ही धुलाई सरकारनं केली होती. फॅसिस्ट तेवढे पश्चिमेकडचे, आपण सगळे विरोधक. तिथं राहून क्रिस्टा वोल्फनं १९७६ मध्ये हिटलरच्या काळात मनापासून रमलेल्या मुलीची, म्हणजे स्वतःचीच, कथा लिहिली आणि त्या मुलीला 'मी' म्हणायचं शेवटपर्यंत टाळलं. त्या काळात याला धैर्य लागत होतं.

हेर्टा म्युलरचं २००९ चं पुस्तक आठवण उसनी कशी घ्यावी याचा उत्तम नमुना आहे. १९४५ च्या जानेवारीत रोमानियातल्या जर्मनभाषकांना सोव्हिएत श्रमछावण्यांत नेलं गेलं. म्युलरची आईही त्यांत होती, पण घरी ती त्यावर बोलत नसे. कवी ओस्कार पास्टिओर बोलला. त्याच्या सांगण्यानं म्युलरच्या वह्या भरल्या, २००६ मध्ये तो अचानक गेला आणि दोघांनी मिळून लिहायचं पुस्तक तिनं एकटीनं लिहिलं. त्यात भूक आहे, कोळसा उपसायचं फावडं आहे, सिमेंट आहे. छावणीतल्या माणसाला तत्त्वज्ञानाआधी या वस्तू आठवतात, हे तिनं ऐकताना नीट टिपलं.

मराठी वाचकाची या जगाशी पहिली ओळख फार पूर्वीची, विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मधली. युद्ध पेटायच्या आधीच जर्मनीतून पळालेल्या ज्यूंनी भरलेली ती बोट, तिच्यावरची हेर्टा. कादंबरी १९३९ ची, त्यामुळे पुढं काय झालं ते लेखकालाही ठाऊक नव्हतं. वर उल्लेख आलेल्यांपैकी निदान थोडी पुस्तकं मूळ जर्मनमधून थेट मराठीत यायला हवीत असं मला वाटतं, आणि ग्रासपेक्षा टिम आधी.

साक्षीदार आता जवळपास संपले. फ्रायबुर्गजवळ एमेंडिंगन गावात १९९८ पासून सामान्यांच्या रोजनिशांचं संग्रहालय चालतं. तिथं स्वयंसेवक जुन्या वळणाची हस्तलिपी वाचून टंकलिखित करतात, कारण आपल्याकडे मोडीचं झालं तसं तिथल्या नातवांना आजीचं अक्षर लागत नाही. ऑस्ट्रियन कादंबरीकार आर्नो गायगर पंचवीस वर्षं व्हिएन्नाच्या रद्दीच्या डब्यांतून पत्रं आणि वह्या गोळा करत फिरला, ही गोष्ट त्यानं २०२३ मध्ये उघड केली. १९४४ सालावरच्या त्याच्या कादंबरीतली पत्रं इतकी जिवंत का, याचा थोडा उलगडा तेव्हा झाला.

पण रद्दीत जे सापडतं ते ज्यांच्याकडे टेबल, शाई आणि टपाल होतं त्यांचं. युद्धकाळात जर्मनीत १ कोटी ३० लाखांहून अधिक परदेशी मजूर, युद्धकैदी आणि छावण्यांतले कैदी सक्तीनं राबले. शेतात, कारखान्यात, अगदी स्वयंपाकघरातही. जर्मन रोजनिशांतून ते मागच्या मागे निघून जातात. लेखिका नाताशा वोडिनची आई मूळची मारिउपोलची; १९४४ मध्ये अशाच लोंढ्यातून ती लाइप्झिगच्या शस्त्रकारखान्यात आली, आणि १९५६ मध्ये तिनं नदीत जीव दिला. मुलगी तेव्हा दहा वर्षांची. घरात दोन-चार फोटोंपलीकडे कागद नव्हते. कित्येक दशकांनी वोडिननं आईचं नाव सहज रशियन इंटरनेटवर टाकून पाहिलं आणि तिला धागा लागला. त्यावरच्या तिच्या पुस्तकाला २०१७ मध्ये लाइप्झिग पुस्तक मेळ्याचा पुरस्कार मिळाला. त्यातली अर्धी पानं शोधाची आहेत, कारण सांगायला आठवण शिल्लकच नाही. कारखान्यातल्या दिवसांबद्दल ती दुसऱ्यांच्या नोंदींवरून अंदाज करते आणि तो अंदाज आहे असं स्पष्ट लिहिते. अशी पुस्तकं अजून फार थोडी आहेत.