ऐतिहासिक चौकातील आधुनिक स्मारक : 'काळा घोडा' आणि धरणगावच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

ऐतिहासिक चौकात नवे स्मारक उभारावयाचे झाल्यास चर्चा बहुधा 'पुतळा कोणाचा?' या एकाच मुद्द्याभोवती फिरते. नव्या स्मारकामुळे त्या स्थळाचा इतिहास अधिक स्पष्ट होतो की पुसला जातो, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी सार्वजनिक रस्ते व पदपथांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असे राज्यांना बजावले. या आदेशाने जागेच्या वापराचा प्रश्न हाताळला जातो. स्मृतीचा प्रश्न शिल्लकच राहतो. मुंबईतील काळा घोडा चौकाच्या आधारे त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

काळा घोडा : आरोहीविना अश्व

प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढे सम्राट झालेले सातवे एडवर्ड, यांच्या १८७५-७६ मधील भारतभेटीच्या स्मरणार्थ अल्बर्ट ससून यांनी दिलेला अश्वारूढ पुतळा १८७९ मध्ये या चौकात उभा राहिला. १९६५ मध्ये तो हलविण्यात आला व पुढे भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात ठेवण्यात आला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ चौकात घोडा नव्हता. तरीही 'काळा घोडा' हे नाव लोकांच्या तोंडी टिकले. स्मृती केवळ धातूत वा दगडात नसते, ती लोकव्यवहारातही नांदते, याचा हा बोलका पुरावा होय.

२०१७ मध्ये तेथे शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी घडविलेला नवा घोडा उभारण्यात आला. त्यावर स्वार नाही. राजसत्तेचे गौरवीकरण टाळून लोकांनी जपलेल्या नावाला आकार देणे, हे या शिल्पाचे यश निर्विवाद आहे. तथापि स्वाराबरोबर वसाहतवादी सत्तेचा संदर्भही दृष्टिआड होतो. स्वार का होता आणि तो का उतरविला गेला, हे शिल्प स्वतः सांगत नाही. परिणामी स्मारक देखणे झाले, पण इतिहास सोयीस्कर झाला.

धरणगावचा संदर्भ

हाच निकष खान्देशास लावता येतो. धरणगाव ही बालकवी त्र्यंबक बापूजी ठोमरे यांची जन्मभूमी (१३ ऑगस्ट १८९०). 'बालकवी' ही उपाधी त्यांना १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात लाभली. याच धरणगावात १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याने भिल्ल पलटण उभारली. भिल्लांचा प्रतिकार शमविण्यासाठी त्याच समाजातील तरुणांना कंपनी सरकारच्या चाकरीत घेण्याचे ते धोरण होते. पहिली स्मृती सर्वांना प्रिय, दुसरी अवघड. केवळ पहिलीचेच स्मारक झाले, तर तोही एका अर्थाने आरोहीविना अश्वच ठरेल.

समारोप

नवे स्मारक जुन्या चौकाचे शत्रू नव्हे. मात्र त्याने चौकाच्या प्रमाणाचा मान राखावा, लोकांचा वावर अडवू नये आणि स्थळाचा अप्रिय इतिहासही शिलालेखातून स्पष्टपणे नोंदवावा. अशी नोंद तयार करण्याचे काम स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास व मराठी विभागांनी हाती घेतल्यास हा वाद पुतळ्यापलीकडे जाऊ शकेल.