नवख्याचे हसू

मार्क ट्वेन १८६१ मध्ये थोरल्या बंधूंसमवेत नेवाडाच्या ओसाड मुलखात गेले. त्या अनुभवांवरील ‘रफिंग इट’ हा त्यांचा ग्रंथ १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील नवखा तरुण ‘अस्सल मेक्सिकन प्लग’ म्हणजे काय हे ठाऊक नसताना, केवळ शेजाऱ्याच्या कुजबुजीला भुलून २७ डॉलरांना घोडा घेतो. आणि स्वार होताच आकाशात भिरकावला जातो! पुढे टाहो सरोवराकाठी याच्याच चुलीतून रान पेटते. हा विनोद निर्मळ वाटतो, कारण त्यात फजिती लेखकाची स्वतःची आहे. मात्र गोशूट आदिवासींच्या दारिद्र्याचे वर्णन करताना तीच लेखणी तुच्छतेने माखते. तेथे नवखेपणाची नम्रता लोपते, आणि उपाशी माणसांच्या थट्टेवर मला तरी हसता आले नाही.