अश्वश्वासमार्गाची पेशीप्रतिमाने आणि ग्लॅंडर्स : एक परीक्षण

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस, नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. दूरदूरची जनावरे एकत्र येऊन एकाच हौदावर पाणी पितात. ग्लॅंडर्सच्या प्रसारास याहून सोयीची जागा क्वचितच सापडावी. २००६-०७ मध्ये हा रोग महाराष्ट्रात पुन्हा आढळला. त्यावर लस नाही, आणि १८९९ च्या ग्लॅंडर्स व फार्सी कायद्यापासून आजच्या २००९ च्या कायद्यापर्यंत बाधित जनावर नष्ट करणे हाच मार्ग राहिला आहे. वरातीच्या घोड्यावर किंवा वीटभट्टीच्या गाढवावर ज्याचे पोट आहे, त्याच्या दृष्टीने सारा प्रश्न निदानाच्या खरेपणाचा होय. श्वासमार्गाच्या पेशीप्रतिमानांची परीक्षा याच कसोटीवर करणे योग्य.

घोड्याच्या श्वासनलिकेतील अभिस्तराच्या पेशी सच्छिद्र पटलावर वाढवून खालून पोषकद्रव व वरून हवा दिली असता काही आठवड्यांत त्यांवर रोमके उगवतात व श्लेष्मा स्रवू लागतो. जंतू कोठे चिकटतो, थर कसा भेदतो, हे जिवंत जनावरास यातना न देता पाहता येते. हे यश लहान नव्हे.

परंतु या थरात भक्षी पेशी नाहीत, आणि खरे नाट्य तर तेथेच घडते. शिंगरांच्या फुप्फुसदाहाचा ऱ्होडोकॉकस इक्वाय हा जंतू (स्वीडनमध्ये मॅग्नूसन यांनी १९२३ मध्ये वर्णिलेला) वायुकोशांतील भक्षी पेशींतच वाढतो. श्वासनलिकेचा थर त्याला केवळ देवडी. ग्लॅंडर्सचा जंतूही पेशींच्या आत शिरून राहतो. शिवाय प्रतिमानातील संसर्ग तासांत किंवा फार तर दिवसांत मोजला जातो, तर घोड्यातील ग्लॅंडर्स महिनोन्महिने दबा धरून बसतो. बाजारात धडधाकट दिसणारे ते जनावर कोणत्याच पटलावर उभे राहत नाही. धूळ, उन्हाळा व अपुरा चारा यांविषयी तर बोलावयासच नको.

मग पेशीसंवर्धनाचा निदानास उपयोगच झाला नाही काय? झाला, पण अनपेक्षित वाटेने. या जंतूच्या संसर्गाने भक्षी पेशी एकमेकींत विलीन होऊन बहुकेंद्री राक्षसपेशी बनतात. त्या क्रियेशी जंतूच्या सहाव्या प्रकारच्या स्रवणयंत्रणेचा व तिच्या ‘एचसीपी १’ प्रथिनाचा संबंध उंदराच्या भक्षी पेशींवरील प्रयोगांत स्पष्ट झाला. हेच प्रथिन वापरून हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राने एलायझा चाचणी सिद्ध केली. म्हणजे अश्वनिदानास हातभार लागला तो उंदराच्या पेशींचा! प्रतिमान घोड्याचे असले म्हणजे ते घोड्याच्या रोगाशी अधिक इमानी असतेच, हा समज येथे ढळतो.

जुन्या पूरकबंधन चाचणीत गाढव-खेचरांचा रक्तरस स्वतःच पूरक शोषून घेतो व निकाल संदिग्ध होतो. अश्वश्वासमार्गाच्या थरासोबत त्याच जनावराच्या भक्षी पेशी ठेवून, गाढवाच्या पेशींवरही तोच प्रयोग केला, तर यापुढील चाचण्यांसाठी प्रथिने निवडण्याचे काम अधिक भक्कम पायावर उभे राहील.