गुण आला, पण कशाने?

ऑपरेशननंतर पेशंट म्हणाला, "आता बरं आहे," की ऑपरेशनचा गुण आला असं आपण धरून चालतो. हे गृहीतक किती कच्चं आहे ते बघायचं असेल, तर २००२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेला ब्रूस मोझली आणि सहकाऱ्यांचा पेपर वाचा.

अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये, गुडघे झिजलेल्या १८० जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटाचा गुडघा दुर्बिणीतून खरवडून साफ केला, दुसऱ्याचा नुसता धुतला, तिसऱ्याला फक्त वरवरचे छेद दिले. या तिसऱ्या गटासाठीही सर्जनने हत्यारं मागितली, पाण्याचा आवाज केला, पेशंटला रात्रभर ठेवून घेतलं. ही फसवणूक नव्हे. आपल्याला खोटं ऑपरेशन मिळू शकतं, हे प्रत्येकाने आधीच लिहून दिलं होतं. पुढच्या दोन वर्षांत खऱ्या ऑपरेशनवाले खोट्यापेक्षा कधीच सरस ठरले नाहीत.

पेपरच्या उणिवा उघड आहेत. सर्जन एकच, रुग्णालय माजी सैनिकांचं, म्हणून पेशंट बहुतेक पुरुष. पात्र ३२४ पैकी १४४ जणांनी नकार दिला. त्यामुळे निष्कर्ष सगळ्यांना लावताना जपून. माझी मोठी तक्रार वेगळी आहे. इथे पेशंट फक्त आकड्यांत भेटतो. 'बरं वाटलं' म्हणजे दुखणं खरंच कमी झालं, की दुखण्याची सवय झाली? ते कळतच नाही.

तरी मूळ मुद्दा टिकला. फिनलंडमध्ये, गुडघ्याची गादी फाटलेल्या पण झीज नसलेल्या १४६ जणांवर झालेला तसाच प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. वर्षभराने दोन्ही गट सारखेच सुधारले, आणि दोन्हींत नव्वद टक्क्यांहून जास्त लोक म्हणाले, पुन्हा हेच करून घेऊ!

मग सुधारणा खोटी का? नाही. दुखणं कमी-जास्त होत असतं, आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो ते टोकाला गेल्यावर. त्यानंतर थोडा उतार पडतोच. शिवाय अपेक्षा, विश्रांती, व्यायाम. फक्त श्रेय ऑपरेशनला जातं. भूल, जंतुसंसर्गाचा धोका आणि बिल मात्र पेशंटच्या वाट्याला.

यावरून सगळ्याच ऑपरेशन्सवर काट मारू नका. गुडघा बदलणं हा वेगळा विषय आहे. पण "आमचे पेशंट खूश आहेत" एवढ्यावर थांबू नका. विचारा: "डॉक्टर, ऑपरेशन न करता वर्षभर व्यायाम केला, तर माझ्यासारख्यांचं काय होतं?"