‘चित्रपट आवडला’ : पण पाहिले काय?

विज्ञानाच्या तासाला चित्रपट दाखवला, की दुसऱ्या दिवशी मुलांकडून ‘तुमचे मत दहा ओळींत लिहा’ असे लिहून घेण्याची पद्धत पुष्कळ शाळांत आहे. पद्धत चांगली आहे. परंतु अशा दहा ओळी ज्यांनी गठ्ठ्याने तपासल्या आहेत त्या शिक्षकांना त्यांचा साचा तोंडपाठ असतो. पहिल्या सात ओळींत चित्रपटाची हकीकत, आठवीत ‘चित्रपट खूप आवडला’, नववीत ‘यातून निसर्गाचे महत्त्व समजले’ आणि दहावीत चित्रपट दाखवल्याबद्दल शाळेचे आभार. शुद्धलेखन बरे असेल तर दहापैकी आठ गुण मिळतात आणि वही मिटते.

या दहा ओळींत विद्यार्थी कोठेच नसतो. शिक्षकांना काय वाचायला आवडेल याचा त्याने बांधलेला अंदाज तेवढा असतो. ‘वैयक्तिक प्रतिसाद’ म्हणजे आवडनिवड, असा अर्थ आपण धरतो आणि घोटाळा तेथेच होतो. आमच्या मते प्रतिसाद म्हणजे एक विभागणी आहे : पडद्यावर काय दिसले, निवेदकाने काय सांगितले आणि मला काय वाटले. चित्रपटात या तिन्ही गोष्टी संगीतासह एकदमच अंगावर येतात. त्या वेगळ्या करता येणे म्हणजेच निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक कळणे. प्रयोगवहीत आपण हाच फरक शिकवतो, मग चित्रपटाच्या वहीत तो का सोडून द्यावा? चार चित्रपट घेऊन हे मत तपासून पाहू.

वाटाण्याचे रोप

दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी, १९१२ साली, वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारी एक छोटी फीत तयार केली होती. कुंडीतल्या रोपाची चित्रे थोड्या थोड्या काळाने टिपायची आणि ती सलग दाखवायची, ही तिच्यातली युक्ती. ही फीत पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला आणि पुढच्या उद्योगाला पैसा मिळाला. भारतीय चित्रपटाच्या पायाशी वनस्पतिशास्त्राचा एक धडा आहे, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही.

अशा फिती आज वर्गात सहज दाखवता येतात. त्या पाहून एखादी मुलगी लिहिते, ‘रोप नाचत नाचत वर आले.’ यावर लाल रेघ ओढण्याचा मोह होतो. तो आवरावा. वाढणाऱ्या वेलीचा शेंडा खरोखरच गोलाकार डुलत असतो. तो इतका सावकाश डुलतो की नुसत्या डोळ्यांना कळत नाही. मुलीने जे दिसले ते लिहिले आहे. शिक्षकांनी तिला पुढचा प्रश्न द्यावा : हा नाच खरोखर किती वेळ चालला असेल? तासाला एक चौकट टिपली आणि सेकंदाला २४ चौकटी या वेगाने दाखवली, तर एक अख्खा दिवस एका सेकंदात संपतो. हा हिशेब एकदा हाती आला, की पडद्यावरचा खोटा वेळ पुसून खरा वेळ काढता येतो. युक्ती केली आहे, पण ती उलगडण्याची किल्लीही प्रेक्षकाला देता येते. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

दहाचे घात

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याचा ‘पॉवर्स ऑफ टेन’ (१९७७) हा नऊ मिनिटांचा चित्रपट जगभरच्या शाळांत दाखवला गेला. शिकागोच्या तळ्याकाठच्या बागेत सहलीला आलेला एक माणूस झोपला आहे. कॅमेरा त्याच्यापासून एक मीटरवर आहे आणि चौकटीची रुंदीही एक मीटर. तेथून दर दहा सेकंदांनी अंतर दसपट होत जाते. शहर, पृथ्वी, सूर्यमाला, आकाशगंगा असे मागे टाकत आपण १० च्या २४ व्या घाताइतक्या मीटरवर, म्हणजे सुमारे १० कोटी प्रकाशवर्षे दूर जातो. मग परत फिरून त्याच माणसाच्या हाताच्या कातडीतून शिरत थेट अणुकेंद्रातल्या प्रोटॉनपर्यंत पोहोचतो. निवेदन भौतिकशास्त्रज्ञ फिलिप मॉरिसन यांचे आहे. मूळ कल्पना कीस बुके या डच शिक्षकाच्या १९५७ सालच्या पुस्तकातली. त्या पुस्तकाची सुरुवात शाळेसमोर मांजर घेऊन बसलेल्या एका मुलीपासून होते. एका शिक्षकाची कल्पना एवढा पल्ला गाठू शकते, हे आमच्या वाचकांना सांगितलेच पाहिजे.

या चित्रपटावरचा नेहमीचा अभिप्राय असतो, ‘विश्व किती अफाट आहे आणि आपण किती लहान!’ वाक्य खरे आहे, पण ते चित्रपट न पाहताही लिहिता येते. याउलट ‘कॅमेरा तिकडे गेला कसा?’ असे कोणी विचारले तर वर्गात हशा पिकतो. आमच्या मते या चित्रपटावर यापेक्षा चांगला प्रश्न नाही. चित्रपटाच्याच आकड्यांवरून त्याचे उत्तर शोधता येते. १०० कोटी मीटरवरून १,००० कोटी मीटरवर जायला कॅमेऱ्याला दहा सेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला सरासरी ९० कोटी मीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३० कोटी मीटर आहे. प्रवास सुरू होऊन जेमतेम दीड मिनिट होते, तोच हा कॅमेरा प्रकाशाला मागे टाकतो! तेव्हा असा प्रवास कोणी केलेला नाही, करता येणारही नाही. काही चौकटी छायाचित्रांच्या आहेत, तर काही मोजमापांवरून आणि अनुमानांवरून काढलेल्या चित्रांच्या.

येथेच आमचा चित्रपटावर एक आक्षेपही आहे. कॅमेऱ्याची घसरण इतकी गुळगुळीत आहे की छायाचित्र कोठे संपले आणि अनुमान कोठे सुरू झाले हे कळत नाही. इलेक्ट्रॉनांचा ढग बागेतल्या गवताइतकाच ‘पाहिलेला’ वाटतो. तरीही चित्रपट प्रामाणिक आहे, कारण दर टप्प्याला तो अंतर सांगतो. किल्ली प्रेक्षकाच्या हातात आहे. ती फिरवायची की नाही, हे वर्गावर अवलंबून आहे.

लेमिंगांची उडी

किल्ली लपवली तर काय होते, त्याचे उदाहरण म्हणजे वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेचा ‘व्हाइट वाइल्डरनेस’ (१९५८). उत्तर ध्रुवाकडील प्राणिजीवनावरच्या या अनुबोधपटाला ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्यातला एक प्रसंग गाजला. लेमिंग हे उंदरासारखे छोटे कुरतडणारे प्राणी झुंडीने धावत सुटतात, कड्याच्या टोकाशी येतात आणि खाली पाण्यात पडतात. त्यांना जणू वेडाने पछाडले आहे, अशा सुरात निवेदन चालते. लेमिंग सामुदायिक आत्महत्या करतात ही समजूत जुनीच होती. या दृश्याने ती घरोघरी पोहोचवली.

१९८२ साली कॅनडाच्या सीबीसी या प्रसारण संस्थेने एका कार्यक्रमात या प्रसंगामागची हकीकत उघड केली. चित्रण झाले होते अल्बर्टा प्रांतात. त्या प्रांताला समुद्र नाही, आणि चित्रणाच्या जागी लेमिंगही राहत नाहीत. प्राणी मॅनिटोबातून विकत आणले होते. बर्फ पसरलेल्या फिरत्या तबकडीवर ते पळवले, त्यामुळे थोड्याशा प्राण्यांची मोठी झुंड भासली. शेवटी त्यांना नदीत ढकलण्यात आले. खरी गोष्ट अशी, की काही वर्षांच्या अंतराने लेमिंगांची संख्या फार वाढते. मग ते नव्या जागेच्या शोधात पसरतात आणि पाणी ओलांडताना त्यांतले काही बुडतात. आत्महत्येचा यात काही संबंध नाही.

आता समजा, १९५८ नंतरच्या एखाद्या वर्गातला विद्यार्थी लिहितो, ‘मला फार वाईट वाटले, रडू आले.’ हा प्रतिसाद अवैज्ञानिक म्हणून बाजूला सारू नये. वाईट वाटणे ही खरी घडलेली गोष्ट आहे. तिचे कारण शोधावे. हा प्रसंग आवाज बंद करून पाहिला तर काय उरते? काही लहान प्राणी बर्फातून धावतात आणि पाण्यात पडतात, एवढेच. ‘वेड’ पडद्यावर कोठेही दिसत नाही, ते निवेदनातून आले. करुणा संगीताने आणली. दुसऱ्या विद्यार्थ्याने विचारले असते, ‘प्राणी कोणत्या कड्यावरून उडी मारणार हे छायाचित्रकाराला आधी कसे कळले? तो तेथे तयारीत कसा?’ या प्रश्नाला प्राणिशास्त्राचे ज्ञान लागत नाही, पडद्याकडे नीट पाहावे लागते. चित्रपट प्रदर्शित होण्यात आणि त्याचे बिंग फुटण्यात २४ वर्षे गेली. त्या काळात किती मुलांच्या मनात हा प्रश्न आला आणि ‘वात्रटपणा नको’ म्हणून जिरला, ते कोण सांगणार?

प्रत्येकाचे खासगी विश्व

चौथा चित्रपट विद्यार्थ्यांच्या मनाविषयीच आहे. ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ (१९८७) याची सुरुवात हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात होते. नवे पदवीधर, माजी विद्यार्थी आणि अध्यापक अशा २३ जणांना ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात, असे विचारले. २१ जण चुकले. ऋतूंबाबत बहुतेकांचे म्हणणे एकच : उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर. आणि सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५ कोटी २० लाख किलोमीटरवर.

मग चित्रपट नववीच्या एका वर्गात जातो. तेथील हुशार समजली जाणारी मुलगी पृथ्वीची कक्षा काढते, ती वेटोळ्यांची. ही आकृती तिच्या मनात एका पुस्तकातल्या चित्रावरून शिरलेली असते. वर्गात पाठ झाल्यावर कक्षा सुधारते, पण सरळ आणि तिरप्या किरणांविषयीची तिची स्वतःची कल्पना पाठाला पुरून उरते. तिच्या शिक्षिकेला हे पाहून आश्चर्य वाटते. या मुलीला कोणी स्वतःच्या शब्दांत बोलू दिले नसते, तर परीक्षेत तिला उत्तम गुण मिळाले असते आणि वेटोळे तसेच राहिले असते. विद्यार्थ्याचा मोकळा प्रतिसाद का वाचावा, याचे इतके स्पष्ट उत्तर आम्हांला दुसरीकडे मिळालेले नाही.

आपल्या वर्गाने मात्र हा चित्रपटही जसाच्या तसा गिळू नये. त्यातले ऋतू उत्तरेकडच्या देशांचे आहेत. महाराष्ट्रातली मुलगी म्हणेल, ‘जूनमध्ये आपल्याकडे दिवस सर्वांत मोठा, मग उकाडा मे महिन्यात जास्त कसा?’ हा प्रश्न चित्रपटाच्या चौकटीत बसत नाही, म्हणूनच मोलाचा आहे. पुण्याला मे महिन्याच्या मध्यास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर सूर्य आणखी उत्तरेला सरकतो, आणि जूनमध्ये मोसमी ढग येऊन ऊन अडवतात. पृथ्वीच्या आसाचा कल आणि पाऊस अशा दोन्ही गोष्टी विचारात घेतल्याशिवाय आपला उन्हाळा समजत नाही. हे मुलीने अंगावरच्या घामावरून ओळखले. वैयक्तिक प्रतिसाद आम्ही म्हणतो तो हा.

शिक्षकांसाठी

यावर कोणी म्हणेल, की अशाने मुले प्रत्येक चित्रपटावर संशय घेऊ लागतील. संशय तेवढाच शिकवला तर तसे होईलही. म्हणून कसोटी हवी. ती वरच्या उदाहरणांतून निघते. युक्ती प्रत्येक चित्रपटात असते : वाटाण्याच्या फितीत वेळ आक्रसलेला आहे, ईम्स यांच्या चित्रपटात अंतर. प्रश्न असा, की ती उलगडण्याचे साधन प्रेक्षकाला मिळते का? मिळत असेल तर चित्रपट शिकवतो. मिळत नसेल तर तो नुसता पटवतो, मग त्याला कितीही पारितोषिके मिळालेली असोत.

करायचे ते थोडके आहे. चित्रपटातला पाच मिनिटांचा भाग आधी आवाज बंद करून दाखवावा आणि मुलांना फक्त दिसले ते लिहू द्यावे. मग तोच भाग आवाजासह दाखवावा. वहीच्या पानावर चार रकाने आखावेत : दिसले, सांगितले, वाटले, विचारावेसे वाटले. ‘कंटाळा आला’ असे कोणी ‘वाटले’ च्या रकान्यात लिहिले तर गुण कापू नयेत. कोणत्या ठिकाणी आला, एवढे विचारावे. मुले बहुधा अशा ठिकाणी बोट ठेवतात, जेथे निवेदन पुढे धावते आणि चित्र मागे राहते. चौथ्या रकान्याला मात्र सर्वांत जास्त गुण द्यावेत, आणि पुढचा तास त्यातल्याच एखाद्या प्रश्नापासून सुरू करावा. आपण लिहिलेले खरोखर वाचले जाते हे वर्गाला एकदा कळले, की आभाराची दहावी ओळ आपोआप गळून पडेल.