कोऱ्या जमिनीवरचे घर

घराच्या उभ्या छेदाची आकृती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. जमिनीची एक आडवी रेघ, तिच्यावर जोता, भिंती आणि छप्पर. रेघेखाली पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत गेलेला पाया. तशीच दुसरी आकृती सेप्टिक टाकीची. दोन कप्पे, तळाशी गाळ, वर साय, आणि शेवटच्या नळीपुढे बाहेर जाणारा एक बाण. दोन्ही आकृत्या फळ्यावर पाच मिनिटांत काढता येतात, भागांना नावे देता येतात. तरीही त्यांच्याविषयी आमची एक तक्रार आहे. त्यांत वीट, काँक्रीट, नळी सारे काही दाखवलेले असते. जमीन मात्र कोरी सोडलेली असते. जणू ती नुसती खड्डा खणण्याची जागा आहे.

ही कोरी जागा किती महत्त्वाची असते, हे पाहण्यासाठी आपण सातपूरला जाऊ. नाशिकच्या पश्चिमेला, त्र्यंबक रस्त्यावरचे हे जुने गाव. औद्योगिक वसाहतीमुळे वाढले आणि १९८२ साली नाशिक महानगरपालिकेत आले. दख्खनच्या पठारावर इतरत्र असते तसेच इथेही खाली बेसॉल्टचा कातळ, त्यावर त्याची झीज होऊन झालेला मुरूम आणि जागोजागी वर काळी माती. या थरांची जाडी एका प्लॉटवरून दुसऱ्या प्लॉटवर जाताना बदलू शकते. एकाच मापाचा पाया एका घराला पुरतो आणि शेजारच्या घराला तडे जातात, ते यामुळेच.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट या गटातील चिकणमातीची खनिजे असतात. त्यांच्या अतिशय पातळ पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात पाणी गेले की ती आकसते, भेगाळते. घराच्या कडेची माती लवकर वाळते व लवकर भिजते. मधल्या भागाखालची ओल मात्र फारशी बदलत नाही. त्यामुळे पाया सगळीकडे सारखा वरखाली होत नाही आणि भिंतीला तिरपे तडे जातात. याचा जास्त त्रास होतो तो हलक्या, एकमजली घराला. फुगणाऱ्या मातीला दाबून धरण्याइतके वजन त्याच्यात नसते. म्हणजे ज्याने भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून दोन खोल्या बांधल्या, त्याच्याच भिंती आधी फुटतात.

थंड देशांतही अगदी असाच प्रश्न आहे, फक्त कारण वेगळे. तिथे हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठते. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के प्रसरण पावते, पण खरा उपद्रव त्याहून मोठा असतो. गोठणाऱ्या थराकडे खालून आणखी पाणी ओढले जाते, बर्फाचे थर वाढत जातात आणि पाया उचलला जातो. म्हणून अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात पायाची किमान खोली दक्षिण भागात ४२ इंच आणि उत्तर भागात ६० इंच ठरवलेली आहे. आपल्याकडे खोल काळ्या मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने तळाशी फुगीर कंद असलेले खांब विकसित केले. ते साधारण ३.५ मीटर खोल नेतात, कारण त्याखाली ऋतूंप्रमाणे ओल फारशी बदलत नाही. बर्फ असो वा चिकणमाती, तत्त्व एकच आहे. पायाची खोली केवळ घराच्या वजनावर ठरत नाही. ऋतू जमिनीत किती खोल उतरतो, त्यावरही ती ठरते. परिचयाच्या आकृतीत नेमके हेच दिसत नाही.

आता दुसऱ्या आकृतीतला बाण. टाकीत मैला शुद्ध होतो, असा समज या आकृतीमुळे रुजतो. प्रत्यक्षात तिथे जड भाग तळाशी बसतो आणि हवेविना जगणारे जिवाणू त्याचे थोडेफार विघटन करतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू असतातच. सेप्टिक टाकीविषयीच्या आय.एस. २४७० या भारतीय मानकाचा पहिला भाग टाकीचा आहे, तर दुसरा संपूर्ण भाग बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. आकृती जिथे बाण काढून थांबते, तिथे मानकाला नवे पुस्तक लिहावे लागले आहे! त्यानुसार चाचणीच्या खड्ड्यातील पाण्याची पातळी २५ मिलिमीटर उतरायला ३० मिनिटांपर्यंत वेळ लागत असेल तर शोषखड्डा चालतो. ६० मिनिटांहून अधिक लागत असेल तर जमिनीत पाणी जिरवण्याचा नाद सोडून वेगळी गाळणी बांधावी लागते. भिजलेली काळी माती पाणी जिरू देत नाही. उलट, भेगाळलेल्या कातळातून ते न गाळताच पुढे जाते आणि विहिरीत किंवा कूपनलिकेत उतरू शकते.

दोन्ही आकृत्या वेगळ्या काढल्याने आणखी एक गोष्ट झाकली जाते. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटर आणि राहत्या इमारतीपासून निदान ६ मीटर दूर असावा, असे मानक सांगते. लहान प्लॉटवर तो भिंतीलगतच खणला जातो. मग एका कोपऱ्याखालची काळी माती बारमाही ओली राहते, बाकीची वाळते, आणि तडा तिथूनच सुरू होतो.

आकृतीत नसलेली तिसरी गोष्ट म्हणजे वायू. मिथेन व हायड्रोजन सल्फाइड टाकीत साठतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वासही येईनासा होतो. संरक्षक साधनांविना माणसाला टाकीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूंबाबत कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. टाकीला झाकण असते एवढे आपण शिकवतो, पण ते उघडून आत का उतरू नये, हे शिकवत नाही.

हा इंजिनिअरांचा विषय आहे, शाळेत इतका तपशील कशाला, असे कोणी म्हणेल. पण छोटे घर पुष्कळदा मालक आणि गवंडी यांच्या बोलण्यातच ठरते, आणि ते दोघेही कधीतरी आपल्या वर्गात बसलेले असतात. शिवाय हा तपशील करून पाहता येतो. वाळवून बारीक चाळलेली १० ग्रॅम काळी माती १०० मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत घ्या. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल ओता, ढवळा आणि २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्ही आकारमानांतला फरक विद्यार्थ्यांनाच मोजू द्या. मग मुरूम घेऊन तोच प्रयोग करा.

त्यानंतर फळ्यावर आकृती जरूर काढावी. फक्त रेघेखालची जागा कोरी सोडू नये. आपल्या गावचे थर विद्यार्थ्यांनी एखाद्या पायाच्या खोदाईजवळ, खड्ड्याच्या कडेपासून दूर उभे राहून पाहावेत आणि ते त्या जागेत भरावेत.